नक्षीदार साचाकाच, अमेरिकी

वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बनवलेली, एकाच नक्षीची जेवणाची भांडी. बहुतेकांवर कारखान्याची खूण नसते. म्हणून निर्माता ठरवताना जुने व्यापारी कॅटलॉग, पेटंटची चित्रे आणि कारखान्यांच्या जागी उत्खननात मिळालेले तुकडे पाहावे लागतात. काळ मात्र काचच सांगते. शिशाची काच जड असते, टिचकी मारल्यास घंटेसारखी घुमते. अर्थात अरुंद तोंडाच्या भांड्यांत ही परीक्षा फसवी ठरते. १८६४ मध्ये व्हीलिंगच्या हॉब्ज-ब्रॉकुनियर कारखान्यात विल्यम लेटन यांनी सोडा-चुन्याची स्वस्त काच सिद्ध केली. त्यानंतरची बहुतेक भांडी हलकी, बद्द आवाजाची. केवळ नक्षीवर विसंबणे धोक्याचे, कारण १८९१ मध्ये अनेक कारखाने युनायटेड स्टेट्स ग्लास कंपनीत एकत्र आले आणि जुन्या नक्ष्या पुन्हा बाजारात आल्या. विसाव्या शतकातील नकलांत नक्षीचे बारकावे अनेकदा बोथट दिसतात.