पानिपतच्या मोहिमेचा नकाशा आणि आंतरजालीय नकाशासाधने

पानिपतच्या मोहिमेचा नकाशा तयार करणे हे आता पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका दुपारचे काम झाले आहे. आंतरजालावर विनामूल्य मिळणारे नकाशासाधन उघडावे, परतूर, बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, कुंजपुरा व पानिपत ही स्थळे शोधून प्रत्येकावर खूण ठेवावी, खुणा एका रेषेने जोडाव्या, मराठ्यांना भगवा व अब्दालीस हिरवा रंग द्यावा, म्हणजे प्रबंधास जोडण्याजोगा नकाशा सिद्ध होतो. तो दिसावयास सुबक असतो. पूर्वी ज्या कामास आरेखकाची मनधरणी करावी लागे ते स्वतःच्या हाताने होते, हा लाभही लहान नव्हे. तथापि गेल्या काही वर्षांत असे अनेक नकाशे पाहिल्यानंतर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. विद्यार्थी आपल्या खुणांविषयी चार प्रश्न विचारतो; खुणांखाली जो नकाशा आयता मिळतो त्याविषयी मात्र एकही विचारीत नाही. वस्तुतः तो खालचा नकाशा हेही एक साधनच आहे, आणि प्रत्येक साधनाप्रमाणे त्यासही काळ, कर्ता व हेतू आहेत.

प्रथम या साधनाची कुळकथा थोडक्यात पाहू. १९९३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्राने आंतरजालावर एक नकाशादर्शक ठेवला. त्यात वाचकाने मागणी केली की दूरचा संगणक प्रत्येक वेळी नवे चित्र काढून धाडीत असे. १९९६ मध्ये आलेल्या मॅपक्वेस्टने रस्त्याने जाणाऱ्यास वाट दाखविण्याचे काम लोकप्रिय केले. २००४ साली इंग्लंडात ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला. हा स्वयंसेवकांनी भरलेला व कोणासही वापरता येणारा नकाशा होय. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स प्रकट झाला. त्याच वर्षी पॉल रेडमाकर या संगणकतज्ज्ञाने भाड्याच्या व विक्रीच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर बसवून दाखविल्या. दुसऱ्याच्या नकाशावर आपली माहिती मांडावी ही आजची सर्वपरिचित रीत लोकांच्या दृष्टीस पडली ती या प्रयोगाने. २००७ साली गूगलने सामान्य वाचकासही स्वतःच्या खुणा व रेषा जतन करण्याची सोय दिली. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावर तेच काम यूमॅप हे साधन करते, व त्यात खालचा नकाशा बदलण्याची मोकळीक पुष्कळ आहे.

या सर्व साधनांचा सांगाडा एकच आहे. संपूर्ण जगाचे चित्र चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेले असते; अगदी वरच्या पायरीवर जग एका तुकड्यात मावते, पुढच्या पायरीवर चार तुकडे होतात, त्यापुढे सोळा. दहाव्या पायरीवर ही संख्या १०,४८,५७६ होते. वाचकाच्या पडद्यावर केवळ लागतील तेवढेच तुकडे येतात, म्हणून नकाशा झरझर सरकतो. तुकडे चौकोनी व एकमेकांस जुळणारे राहावेत यासाठी जो प्रक्षेप निवडला गेला तो मर्केटरने १५६९ साली नाविकांसाठी सिद्ध केलेल्या प्रक्षेपाचाच एक सुलभ अवतार होय. मर्केटरच्या प्रक्षेपात दिशा अचूक राहते, परंतु विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे अंतर फुगते. हा दोष ग्रीनलंडच्या उदाहरणाने शाळेतच शिकविला जातो. हिंदुस्थानच्या नकाशात तो जाणविण्याइतका नसेल अशी मात्र आपली समजूत असते. परतूर सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे नकाशावरील लांबी १.०६ पट होते. पानिपत सुमारे २९.४ अंशांवर आहे. तेथे ती १.१५ पट होते. म्हणजे एकाच नकाशावर पट्टीने मोजलेला सेंटिमीटर पानिपतजवळ परतूरपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी जमीन दाखवितो. साधनातील अंतरमापक स्वतः पृथ्वीचा गोलाकार लक्षात घेऊन हिशेब करतो, त्यामुळे तो फसत नाही. परतूर ते पानिपत सरळ अंतर तो सुमारे १,०९० किलोमीटर देतो, ते योग्यच आहे. फसतो तो छापील प्रतीवर पट्टी ठेवून दररोजच्या मजला मोजणारा अभ्यासक. सैन्याच्या वेगासंबंधी एखादा निष्कर्ष या मोजणीवर उभा असेल तर आठ टक्के ही उपेक्षणीय चूक नव्हे.

पण प्रक्षेपाचा दोष निदान गणिताने काढून टाकता येतो. नदीचा दोष तसा निघत नाही, आणि पानिपतच्या मोहिमेत सर्व काही नदीपाशी येऊन ठेपते.

१७६० च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत व अब्दाली अंतर्वेदीत अनूपशहराकडे, अशी स्थिती होती; मध्ये दुथडी भरलेली यमुना. ऑक्टोबरच्या मध्यास मराठ्यांनी उत्तरेस जाऊन कुंजपुरा घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून मराठे व दिल्ली यांच्यामध्ये आपले सैन्य आणून उभे केले. पुढच्या अडीच महिन्यांची उपासमार आणि पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ चा दिवस या एका उताराच्या पोटात आहे. साहजिकच प्रत्येक विद्यार्थी आपल्या नकाशात बागपतशी एक ठळक बाण काढतो, व तो बाण आजच्या निळ्या रेषेस छेदून पश्चिमेकडे जातो.

ती निळी रेषा कोणत्या यमुनेची? नकाशासाधनातच याचे उत्तर दडलेले आहे; फक्त पाहण्याची सवय हवी. पानिपत ते बागपत या पट्ट्यात नकाशा मोठा करून पाहिल्यास हरियाणा व उत्तर प्रदेश यांची तुटक सीमारेषा नदीबरोबर चालत नाही असे दिसते. ती कधी नदीच्या पूर्वेस, कधी पश्चिमेस जाते. याचे कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी या दोन राज्यांमधील सीमा म्हणजे यमुनेचा खोल प्रवाह अशी व्याख्या होती. परंतु प्रत्येक पुरानंतर प्रवाह सरके, गावांची शेते या तीरावरून त्या तीरावर जात आणि तंटे माजत. अखेर १९७९ साली संसदेस कायदा करून ही सीमा जमिनीवर कायम करावी लागली. ज्या नदीच्या चंचलपणामुळे विसाव्या शतकात दोन राज्यांची हद्द ठरविण्यासाठी कायदा करावा लागला, ती नदी १७६० पासून जागच्या जागी वाहत आली असे आपण न बोलता गृहीत धरतो, व त्या गृहीतावर बाण काढतो.

दिल्लीतील उदाहरण याहून ढळढळीत आहे. १६४८ साली पुरा झालेला लाल किल्ला यमुनेच्या काठी बांधला गेला. त्याच्या पूर्वेकडील तटाखाली पाणी वाहत असे. १७६० च्या ऑगस्टात मराठ्यांनी तो घेतला. आजच्या नकाशावर किल्ल्याची खूण ठेवली की तट व नदी यांच्यामध्ये रुंद वाहता रस्ता आणि बरीच मोकळी जमीन दिसते. किल्ल्याच्या लष्करी महत्त्वाविषयी लिहिताना ज्या विद्यार्थ्यासमोर हे चित्र आहे, त्याला तटावरून नदीवर राखता येणारी नजर कशी सुचावी? शिवाय आज यमुनेचे बरेचसे पाणी हथिनीकुंड येथेच कालव्यांत वळविले जाते, त्यामुळे उपग्रहचित्रात दिसणारा कृश प्रवाह पाहून अब्दालीस उतार मिळाला यात नवल ते काय असेही एखाद्यास वाटून जाईल.

कालव्याची गोष्टही तशीच आहे. पानिपतच्या परिसरात नकाशा पश्चिम यमुना कालवा ठसठशीत दाखवितो. तो मूळचा फिरोजशहा तुघलकाच्या काळचा; शहाजहानच्या अमदानीत त्याचा जीर्णोद्धार झाला; अठराव्या शतकाच्या मध्यास मोगली सत्तेच्या ऱ्हासाबरोबर तो निकामी होत गेला; १८२० च्या सुमारास इंग्रजांनी तो पुन्हा वाहता केला, व पुढे त्याच शतकात त्याचा मार्गही काही ठिकाणी बदलला. मराठ्यांच्या खंदकबंद छावणीच्या पाण्याचा विचार आजच्या कालव्यावरून करणे म्हणजे इंग्रजी अमदानीतील पाणी पेशवाईतील माणसांस पाजणे होय.

वाट शोधून देणाऱ्या सोयीचा मोह तर कटाक्षाने टाळावा. परतूर ते दिल्ली अशी वाट मागितली की साधन राष्ट्रीय महामार्ग व पूल यांवरून आपणास नेऊन पोहोचविते. हंडियाशी आता नर्मदेवर पूल आहे, चंबळेवर आहे. १७६० मध्ये तेथे उतार होते, व उतार ऋतूवर अवलंबून होते. मार्चमध्ये निघालेले सैन्य ऑगस्टात दिल्लीस का पोहोचले, या प्रश्नाचे निम्मे उत्तर नद्यांत आहे, आणि नेमक्या त्या नद्या ही सोय पुसून टाकते.

मग या साधनाने नकाशा करूच नये की काय? तसे मुळीच नाही. उलट, नीट वापरल्यास जुन्या छापील नकाशात जे साधत नसे ते येथे साधते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ साली निघालेला पहिला खंड घ्यावा. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. पत्रात मुक्कामाचे गाव असते, चंद्र असतो, क्वचित मागील व पुढील मजलांचा उल्लेख असतो. अशा प्रत्येक पत्राची एक ओळ करून कोष्टक तयार करावे: पत्रातील स्थलनाम जसेच्या तसे, आजचे नाव, अक्षांश, रेखांश, मूळ तिथी किंवा चंद्र, इंग्रजी तारीख, पत्राचा क्रमांक, आणि शेवटी स्थाननिश्चितीचा भरवसा किती, हे सांगणारा एक रकाना. हे कोष्टक साधनात चढविले की खुणा आपोआप उमटतात, आणि भरवशाच्या रकान्यावरून त्यांचे रंग गडद वा फिके करता येतात. खुणेवर टिचकी मारताच वाचकास पत्राचा क्रमांक दिसतो. तळटीप थेट भूमीवर बसविण्याची ही सोय पूर्वीच्या कोणत्याही नकाशाकारास लाभली नव्हती.

स्थलनामे शोधताना मात्र यंत्रावर भार टाकू नये. कागदांतील पडदूर म्हणजे आजचे परतूर, हे यंत्रास ठाऊक असेलच असे नाही. एकाच नावाची दहा गावे असली तर ते आपल्या मते जे प्रसिद्ध ते पुढे करते. पानिपत म्हटल्यावर ते शहराच्या मध्यावर खूण ठेवते. रणभूमी शहराबाहेर आहे. काला अंब येथील स्मारकावर खूण ठेवणे त्याहून बरे, पण काही मैल पसरलेल्या दोन फळ्यांचे युद्ध एका टिंबात मावत नाही. येथे टिंबाऐवजी क्षेत्र आखावे.

जुने नकाशे आजच्या नकाशावर बसविण्याचीही सोय आता आहे. जुन्या पत्रकावरील काही स्थळे व आजची तीच स्थळे यांच्या जोड्या लावून दिल्या की साधन जुना नकाशा ताणून, आखडून आजच्यावर पसरते. रेनेलचा हिंदुस्थानचा नकाशा १७८२ चा, म्हणजे लढाईनंतर अवघ्या एकवीस वर्षांचा. त्यामुळे १७६० ची यमुना त्यातून मिळेल अशी आशा वाटते. ती व्यर्थ आहे. लॅम्बटनचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासेकडे सुरू झाले. त्यापूर्वीचा हा नकाशा बहुतांशी प्रवासमार्गांच्या मोजणीवर व मोजक्या खगोलीय वेधांवर रचलेला असून त्याचे प्रमाण इतके लहान आहे की नदीचे दोन-चार मैलांचे सरकणे त्यात उमटणेच शक्य नाही. तो ताणून बसविला असता यमुना जेथे पडते ती जागा रेनेलची नसते. आपण निवडलेल्या जोड्यांची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके याहून पुष्कळ विश्वसनीय आहेत, पण ती एव्हरेस्टच्या १८३० च्या पृथ्वीमानावर आधारलेली असल्याने त्यांवरील रेखांश जसेच्या तसे आंतरजालीय नकाशावर उतरविले तर पानिपतच्या बाजूस खूण शंभर मीटरांहूनही अधिक सरकते. मोहिमेच्या नकाशात याची क्षिती नाही. खंदकाची रेषा शोधणाऱ्यास आहे.

बागपतच्या उतारासंबंधी आम्ही विद्यार्थ्यांस जे करावयास सांगतो ते असे. खालचा नकाशा बदलून रस्ते, पूल, कालवे व आजच्या सीमा नसलेला, केवळ भूमीचे चढउतार दाखविणारा पट घ्यावा. आजच्या प्रवाहाची निळी रेषा न ठेवता दोन्ही बाजूंच्या जुन्या पात्रांच्या खुणा उपग्रहचित्रात जेथपर्यंत दिसतात तेथपर्यंतचा पट्टा फिक्या निळ्या रंगाने भरावा, व १७६० ची यमुना या पट्ट्यात कोठेतरी होती एवढेच सूचीत लिहावे. अब्दालीचा बाण तुटक ठेवावा. त्याचे टोक पट्ट्याच्या पश्चिम कडेपाशी थांबवावे. खालच्या पटाचे नाव, तो पाहिल्याची तारीख आणि ओपनस्ट्रीटमॅप वापरला असल्यास त्याच्या परवान्याप्रमाणे योगदात्यांचा निर्देश नकाशाच्या पायाशी छापावा. कोष्टकाची स्वतंत्र प्रत प्रबंधासोबत विभागात ठेवावी. कारण खालचा नकाशा रोज बदलतो, आणि यमुना तर आणखीही बदलणार आहे.