जोगता

जोगता (कर्नाटकात जोगप्पा) म्हणजे रेणुका अर्थात यल्लम्मा देवीच्या सेवेस वाहिलेला पुरुष उपासक होय. स्त्री उपासिकेस जोगतीण म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर हे जिल्हे व कर्नाटकाचा सीमाभाग येथे ही परंपरा आढळते. अनेक जोगते लुगडे नेसतात व बांगड्या भरतात. त्यामुळे ही धार्मिक संज्ञा लिंगभावाच्या ओळखीशीही जोडली गेली आहे.

स्वरूप

देवीचे प्रमुख स्थान बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथे आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेस कोल्हापुरातून मोठ्या संख्येने भाविक जातात. केसांत जट येणे हे देवीचे बोलावणे समजले जाते. जोगते डोक्यावर देवीचा 'जग' व हाती परडी घेऊन चौंडक्याच्या तालावर गाणी म्हणत जोगवा मागतात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये जोगत्या-मुरळी प्रथेस प्रतिबंध करणारा कायदा करण्यात आला.

लिंगओळख

सर्वच जोगते तृतीयपंथी नसतात. काही जण घराण्याची परंपरा वा नवस म्हणून, तर काही जण गुरू करून देवीच्या सेवेत येतात. काही केवळ पूजेपुरता स्त्रीवेश धारण करतात. ज्यांना जन्मतः मिळालेली पुरुष ही ओळख आपली वाटत नाही, त्यांना या परंपरेत स्त्रीवेशास धार्मिक मान्यता, गुरू आणि समूह लाभतो. मात्र हीच संज्ञा इच्छेविरुद्ध लादली गेल्यास व्यक्तीचे शिक्षण, विवाह व उपजीविका यांवर आयुष्यभराचे बंधन येते.

कायदेशीर स्थान

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या खटल्यात लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. निकालपत्रात हिजडा, कोती, अरवाणी, शिवशक्ती यांसह जोगता-जोगप्पा यांचाही उल्लेख आहे. 'जोगती हिजडा' ही वेगळी संज्ञा नोंदवून, अशा व्यक्ती स्वतःस जोगती, हिजडा वा क्वचित जोगताही म्हणवतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजेच एका व्यक्तीस अनेक संज्ञा लागू पडू शकतात आणि एका संज्ञेखाली भिन्न ओळखींच्या व्यक्ती येऊ शकतात. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ च्या मूळ मसुद्यात स्वतःस जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क व जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती. ओळखपत्र व शासकीय योजना यांसाठी नोंदीतील संज्ञा महत्त्वाची ठरते. व्यक्तीच्या मनातील ओळख मात्र त्या नोंदीपेक्षा व्यापक वा अनिश्चित असू शकते.

साहित्य व चित्रपट

गडहिंग्लज परिसरातील लेखक राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या अनुक्रमे जोगतिणी व जोगते यांच्या जीवनावर आहेत. या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' हा चित्रपट आधारलेला आहे. इच्छेविरुद्ध जोगता झालेल्या तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.