निशाणा वसईवर, बॉम्ब विरारला: पाच मैलांच्या चुकीची गोष्ट

विरार लोकलने वसई रोड सोडलं की नालासोपारा आणि मग विरार. अंतर साधारण आठ किलोमीटर, म्हणजे पाच मैल. आता समजा, एका विमानाला वसई स्टेशनवर बॉम्ब टाकायचा होता आणि तो विरारला पडला. १९४१ च्या एका ब्रिटिश अहवालात हे विमान ‘लक्ष्यापर्यंत पोहोचलं’ असंच धरलं गेलं असतं. एवढी सूट देऊनही निकाल वाईट आला.

अहवाल डी. एम. बट या सरकारी अधिकाऱ्याचा. तोवर बॉम्बर कमांडचा डेटा म्हणजे परतलेल्या वैमानिकांचं सांगणं: ‘लक्ष्यावर मारा केला.’ बटने जून-जुलै १९४१ मधल्या शंभर हल्ल्यांचे सुमारे ६५० फोटो तपासले. बॉम्ब सोडताना विमानातल्या कॅमेऱ्याने टिपलेले. मारा केला म्हणणाऱ्या तीन विमानांपैकी एकच पाच मैलांच्या आत होतं. जर्मनीच्या रूर औद्योगिक पट्ट्यात दहापैकी एक, आणि अमावास्येच्या रात्री पंधरापैकी एक!

ही माणसं खोटं बोलत होती का? नाही. अंधारात, ढगांवरून, वेग, दिशा आणि वाऱ्याच्या अंदाजावर नॅव्हिगेटर नकाशावर रेघ ओढत जायचा. गणित करून बघा: ३०० मैलांच्या प्रवासात दिशा फक्त १ अंशाने चुकली, तर शेवटी पाच मैलांचा फरक पडतो. खाली आग दिसली की तेच लक्ष्य वाटायचं.

उपाय दोन बाजूंनी आले. १९४२ मध्ये ‘जी’ ही रेडिओ यंत्रणा आली. जमिनीवरच्या केंद्रांकडून येणाऱ्या लहरींच्या वेळेतल्या फरकावरून ती विमानाची जागा सांगायची. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘पाथफाइंडर’ दल उभं राहिलं. या दलाने पुढे जाऊन रंगीत ज्योतींनी लक्ष्य दाखवायचं, बाकीच्यांनी त्यावर बॉम्ब टाकायचे. सुरुवातीलाच या दलात आलेली एक तुकडी म्हणजे लँकेस्टर विमानांची ८३ स्क्वाड्रन.

इथे आपल्या ओळखीचं एक आडनाव भेटतं. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर, पाथफाइंडर दलातले नॅव्हिगेटर. सात जणांच्या विमानात त्यांची जागा पडद्याआड असायची. टेबल, नकाशा, छोटा दिवा. तो उजेड बाहेर दिसू नये म्हणून पडदा. बाहेर तोफांचा मारा चालू असताना आत पेन्सिलीने आकडेमोड. त्यांनी ४५ मोहिमा केल्या, त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. त्यांतल्या काही मोहिमा ज्या विमानातून झाल्या, ते आर ५८६८ आज लंडनच्या हेंडन इथल्या संग्रहालयात उभं आहे.

४५ हा आकडा किती मोठा? दर मोहिमेत ४ टक्के विमानं परत येत नाहीत असं धरू. मग ४५ वेळा सुखरूप परतण्याची शक्यता ०.९६ चा ४५ वा घात, म्हणजे जेमतेम १६ टक्के. साध्या तुकडीतल्या ३० मोहिमांसाठी २९ टक्के. हे माझं ढोबळ मॉडेल आहे. प्रत्यक्षात धोका काळानुसार बदलत होता. पण बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मेले, हा आकडा मॉडेलमधला नाही.

आणि खाली? जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यांत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. पुढे पाथफाइंडर विमानंच होती. नेम सुधारला याचा एक अर्थ हाही होता. ‘लक्ष्यापासून किती मैल’ या रकान्यात ही माणसं कुठेच येत नाहीत.

संशोधनाची तयारी करताना या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, प्रामाणिक माणसाचं निरीक्षणही स्वतंत्र पुराव्याशी पडताळावं लागतं. शंका माणसावर नाही, पद्धतीवर घ्यायची. दोन, आपण काय मोजतो हे ठरवलं की काय मोजायचं नाही हेही आपोआप ठरतं. तुमच्या प्रस्तावात पहिला प्रश्न गाइड विचारतीलच. दुसरा मात्र तुम्हालाच स्वतःला विचारावा लागेल.