वढ्याचा कासरा

आमच्या ओढ्याला नाव नाही. सगळे नुसतं 'वढा'च म्हणतात. तो पुढं वारणेला मिळतो आणि वारणा हरिपूरजवळ कृष्णेला. माझ्या लहानपणी दोन्ही काठांना करंज, उंबर, वाळुंज अशी दाट झाडी होती. एखादं झाड पात्रात आडवं झालेलं असायचंच. पाणी त्याला अडून, वळसा घालून दमानं जायचं. झाडाच्या वरच्या अंगाला गाळ बसायचा, खालच्या अंगाला डोह पडायचा.

पूर ओसरला की बायका-पोरं सुटी लाकडं वेचून आणायची. नदीतली लाकडं धरायला तर गडी भोपळ्याची सांगड बांधून उतरायचे. म्हणजे ओढा साफ ठेवायच्या त्या चुलीच. पण मुळं धरून असलेल्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावायचं नाही. आजोबा म्हणायचे, "ते झाड न्हाई, वढ्याचा कासरा हाय."

पुढं गॅस आला, लाकडं वेचणं थांबलं. ऊस आला आणि आम्ही तो काठापर्यंत रेटला. रस्त्यासाठी ओढ्यावर नळ्यांची मोरी झाली. २००५ च्या जुलैत एक बुंधा त्या मोरीच्या तोंडाला आडवा बसला. त्याला फांद्या अडकल्या, पाचट अडकलं, बेशरमाची झुडपं अडकली. पाणी फुगलं ते माझ्या उसात शिरलं.

मला राग आला तो झाडांचा. पुढच्या उन्हाळ्यात मशीन लावून माझ्या हद्दीतला ओढा सरळ करून घेतला, झाडं मुळासकट काढली. तेव्हा बरं वाटलं. पण पाण्याला आता अटकावच उरला नाही. चार पावसाळ्यांत कड ढासळून पाच गुंठे रान गेलं. पाणी मुरायच्या आत निघून जाऊ लागलं. एप्रिलपर्यंत पुरणारी विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवू लागली. चूक मोरीच्या तोंडाशी होती, शिक्षा मी काठाला दिली.

२०१९ च्या ऑगस्टात नदीच फुगली आणि ओढा उलटा वर चढला. एवढ्या पाण्यापुढं काठच्या झाडीचं काही चालत नाही, हेही पाहिलं.

आता मिरगाच्या आधी आम्ही चौघं-पाचजण मोरीपाशी अडकलेलं सुटं लाकूड काढतो. काठाला करंज, निर्गुडी लावलीय. गेल्या पावसात त्यातला एक करंज पात्रात कलला. पोरगं कोयता घेऊन निघालं. मी म्हटलं, "मुळं धरून हाईत न्हवं? मग ऱ्हाऊ दे."