हळदयुक्त ड्रेसिंग

हळदीतील कर्क्युमिन हा दाहशामक घटक आवरणात मिसळून तयार केलेली जखमेवरची पट्टी. जखम कोरडी ठेवावी, हा समज संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये मोडून काढला. डुकरांवरील त्यांच्या प्रयोगांत ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर आली. तेव्हापासून ड्रेसिंगने ओलावा राखणे महत्त्वाचे ठरले.

हळदयुक्त पट्टी बनवताना खरी अडचण कर्क्युमिनचीच आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि प्रकाशात लवकर विघटित होते. म्हणून ते कोलॅजनच्या पातळ पापुद्र्यात, कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये किंवा विद्युतदाबाने ओढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंत बसवतात. तेथून ते हळूहळू जखमेत झिरपते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील कोलॅजन-कर्क्युमिन पापुद्र्यांनी उंदरांवर आश्वासक परिणाम दाखवले.

हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते 1997 मध्ये रद्द करवले. पारंपरिक ज्ञानाच्या बाजूने मिळालेला हा मोलाचा विजय.

स्वयंपाकघरातली हळद मात्र निर्जंतुक नसते. ती उघड्या जखमेवर किंवा भाजलेल्या जागी भरू नये.