घडी आणि खुंटी

संसार सुरळीत चालू लागला म्हणजे त्याची घडी बसली असे मराठीत म्हणतात, आणि तो बिघडला म्हणजे घडी विस्कटली असे म्हणतात. नवे लुगडे प्रथम नेसणे म्हणजे त्याची घडी मोडणे. आणि ही घडी मोडण्याचा मान हौसेने एखाद्या नणंदेला, लेकीला किंवा मैत्रिणीला देण्याची पद्धत होती. याउलट लाज, नीती, विचार यांपैकी काहीही माणसाने सोडून दिले की ते त्याने खुंटीला टांगले, असा शेरा ठरलेला. वस्त्रे ठेवण्याच्या दोन रीतींपैकी एक सुव्यवस्थेची खूण ठरली आणि दुसरी हयगयीची. भाषेचा हा कौल एकतर्फी आहे खरा. परंतु तो अकारण दिलेला नाही. त्याच्या मुळाशी वस्त्रांच्या बेतण्याचा फार जुना इतिहास आहे.

लुगडे, धोतर, उपरणे, शेला, शाल ही वस्त्रे मागावरून उतरली तशीच अंगावर येतात. त्यांना खांदा नाही, बाही नाही, गळा नाही. म्हणूनच ती आपण नेसतो किंवा पांघरतो; घालतो तो अंगरखा किंवा सदरा. शिंप्याची कातरी न लागलेल्या वस्त्राला स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे दुमडल्याने त्याचे काही बिघडत नाही. नऊ वारांचे लुगडे पुन्हापुन्हा दुमडीत गेले की हातभर चौकोनात मावते, आणि नेसावयाच्या वेळी पुन्हा नऊ वार होते. जुन्या वाड्यांत अशा वस्त्रांची जागा म्हणजे भिंतीतले फडताळ, लाकडी पेटारा किंवा स्वच्छ फडक्यात बांधलेले बोचके. खुंटीही होती, पण तिच्यावर पागोटे, उपरणे किंवा रोजच्या वापरातले पांघरूण रात्रीपुरते मुक्कामाला असे. चांगले वस्त्र खुंटीवर दिसले तर घरच्या गृहिणीला बोल लागे.

राजवाड्यांतली रीतही निराळी नव्हती. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत जामदारखान्याची गणना होते. वस्त्रे आणि इतर मौल्यवान चिजा सांभाळण्याचे हे खाते होते आणि त्याच्या नावातला ‘जामा’ म्हणजे वस्त्रच होय. मोगलांच्या तोशाखान्याचे वर्णन अबुल फज्लने ‘ऐन-इ-अकबरी’त केले आहे. बादशहासाठी दर मोसमाला एक हजार पोशाख तयार होत आणि त्यांतले १२० पोशाख बारा गाठोड्यांत बांधून सदैव सिद्ध ठेवलेले असत, असे तो सांगतो. वस्त्रांची नोंद आणि मांडणी करताना ती आल्याचा दिवस, किंमत आणि रंग यांचा विचार होई. जगातील अत्यंत श्रीमंत अशा या दरबारातही पोशाख राहत होते ते गाठोड्यांत! त्याच ग्रंथात शालींविषयी एक गमतीची माहिती आहे: पूर्वी लोक शाल चौघडी करून वापरीत, पुढे ती घडीवाचून नुसती खांद्यावर टाकण्याची चाल पडली, आणि अकबराने ती दुहेरी करून घेण्यास आरंभ केला. एका घडीचा फरक पडला तरी त्याची दखल इतिहासकाराने घ्यावी, एवढे घडीचे महत्त्व होते.

सपाट वस्त्र तेथे घडी, हा नियम पारखून पाहावयाचा तर जपानचे उदाहरण उत्तम. किमोनो हा शिवलेला पोशाख आहे. पण तो अरुंद पन्ह्याच्या एकाच कापडाचे सरळ, लांब पट्टे काढून शिवतात. त्यात गोलाई जवळजवळ नसते. तो शिवणीवर शिवण ठेवून दुमडला की पूर्ण सपाट होतो. मग त्याला कागदाच्या वेष्टनात घालून ‘तान्सू’ नावाच्या पेटीच्या रुंद, उथळ खणात आडवा ठेवतात. या पेट्यांसाठी किरी नावाच्या वृक्षाचे हलके लाकूड पसंत केले जाई. घराला आग लागली तर कपड्यांची पेटी ओढून नेता यावी म्हणून तिला चाके लावण्याचीही एके काळी चाल होती. परंतु १६५७ साली एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मोठी आग लागली तेव्हा याच चाकांच्या पेट्यांनी रस्ते अडले आणि पळणाऱ्यांचा मार्ग खुंटला. पुढे सरकारने अशा पेट्यांना बंदी केली. वस्त्रे वाचविण्याचा उपाय माणसांच्या मुळावर आला होता.

युरोपातल्या लोकांचे कपडे पूर्वीपासून टांगलेलेच असत, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. मध्ययुगात तेथेही सारा संसार पेटीत राहत होता. इंग्रजीतल्या ‘वॉर्डरोब’ या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्रे राखण्याची जागा. राजाची ही कोठी कुलूपबंद आणि सुरक्षित, म्हणून तिच्यात वस्त्रांसोबत पैसा आणि कागदपत्रेही जाऊ लागली. आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एडवर्ड राजाच्या मोहिमांचा खर्च या वॉर्डरोब खात्यातून होत होता. आपल्या जामदारखान्याशी याचे नाते किती जवळचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

पेटी कापडाच्या अंगाने कशी घडत गेली, याचा सुंदर पुरावा ख्रिस्ती मंदिरांत सापडतो. धर्मगुरू विधीप्रसंगी पांघरतात तो ‘कोप’ नावाचा झगा पसरला असता अर्धवर्तुळाकार होतो. त्यावर जरीचे आणि रेशमाचे भरतकाम असते. त्याला घड्या पडू नयेत म्हणून इंग्लंडातील यॉर्क, वेल्स यांसारख्या मोठ्या चर्चांत मध्ययुगात पेट्याच वर्तुळाच्या भागासारख्या घडविल्या गेल्या. झगा त्यांत पसरून, किंवा फार तर एकदाच दुमडून, ठेवता येई. चौकोनी पेटीत कापड कोंबण्याऐवजी सुताराने कापडापुढे मान तुकविली. गोव्यातील जुन्या चर्चांच्या साक्रिस्तींत भिंतीलगत दिसणाऱ्या रुंद खणांच्या लाकडी पेट्यांमागेही हीच दृष्टी आहे.

पेटीला मात्र एक अवगुण आहे. जे हवे ते नेहमी तळाशी असते. सतराव्या शतकात युरोपातील सुतारांनी यावर उपाय म्हणून पेटीच्या पोटात ओढून काढता येणारे खण बसविले. (ओढावयाचा खण आणि चोळीचा खण हे दोन्ही मराठीत एकाच शब्दाने ओळखले जावेत, हा योगायोग मोठा गोड आहे.) अठराव्या शतकात वर दारांआड सरकत्या फळ्या आणि खाली खण असे उंच कपाट आले. चिपेंडेल या इंग्रज कारागिराने १७५४ साली प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात अशी कपाटे आहेत. त्या काळच्या श्रीमंत गृहस्थाचा भरजरी कोटही या फळ्यांवर आडवाच पडलेला असे.

बदल झाला तो शिंप्याच्या दुकानात. एकोणिसाव्या शतकात पुरुषांचा लोकरी कोट अंगाबरोबर बसू लागला. त्याच्या छातीत आतून जाड कापड, खांद्यात भरण, आणि वाफेच्या इस्त्रीने दिलेली गोलाई. असा कोट अंगातून काढला तरी माणसाचा आकार धरून राहतो. त्याची घडी करणे म्हणजे शिंप्याची मेहनत मोडणे. त्याला हवा होता लाकडाचा खांदा. त्याची चाहूल शेरेटन या कारागिराच्या १७९१ ते १७९४ या काळात भागाभागाने निघालेल्या पुस्तकात लागते. त्यातील एका कपाटात मध्यभागी नेहमीच्या फळ्या आहेत. पण दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत लोखंडी दांडी असून तिच्यावर कपडे अडकविण्यासाठी बीच लाकडाचे फिरते हात लावलेले आहेत. १८६९ साली अमेरिकेत ओ. ए. नॉर्थ यांना कपडे टांगण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. १९०३ साली मिशिगन राज्यातील एका कारखान्यात अल्बर्ट पार्कहाउस नावाच्या कामगाराला कोट अडकविण्यास खुंटी रिकामी मिळाली नाही, म्हणून त्याने तार वाकवून टांगणी केली, अशीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे.

भारतात लाकडी कपाटाची चाल रुजली त्याची साक्ष शब्दच देतात. अलमारी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘आर्मारियुम’ म्हणजे शस्त्रे, अवजारे ठेवण्याची जागा. कपाट हा शब्द संस्कृत, पण संस्कृतात त्याचा अर्थ दार. मराठीने दारावरून साऱ्या वस्तूला नाव दिले. हैदराबादेत पुरानी हवेलीत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची दुमजली वस्त्रशाळा आजही पाहावयास मिळते. हवेलीच्या एका बाजूची संपूर्ण लांबी तिने व्यापली आहे आणि वरच्या मजल्यासाठी हाताने फिरवावयाचा लाकडी पाळणा आहे. निजाम एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालीत नसत, अशी आख्यायिका आहे. सामान्य माणसाची प्रगती अर्थातच याहून साधी. इंग्रजी अमदानीत कचेरीतला कारकून धोतरावर कोट घालू लागला. धोतर घरी आल्यावर धुऊन घडीत गेले, कोट खुंटीवर गेला. एकाच अंगावरच्या दोन वस्त्रांनी दोन वाटा धरल्या. गोदरेज कंपनीने १९२३ पासून पोलादी कपाटे करावयास घेतली, आणि पुढे अशा कपाटांतून एका बाजूला फळ्या आणि दुसऱ्या बाजूला टांगण्याची दांडी अशी या दोन्ही वाटांची एकाच दाराआड सोय झाली.

पुढे तयार कपडे वाढले तशी दांडीची सत्ता वाढली, आणि अलीकडे वारे पुन्हा फिरल्याचे दिसते. मारी कोंडो या जपानी लेखिकेचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले. शक्य तेवढे कपडे दुमडून खणात उभे लावा, असे त्यात सांगितले आहे आणि जगभरच्या वाचकांनी ते नवलाने वाचले. किमोनोच्या देशातून हा सल्ला यावा यात नवल ते काय!

तथापि कोणती रीत चांगली हा प्रश्न कापडाला विचारला पाहिजे. विणलेला लोकरी स्वेटर टांगला तर त्याचे फासे स्वतःच्या भाराने ताणले जातात आणि तो लांबतो. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापड तिरके कापून जे झगे शिवले, ते अंगावर अप्रतिम बसत. पण टांगून ठेवले की ओघळत. खांदा असलेला कोट मात्र टांगावाच. आणि जरीच्या साडीला दोन्हींपासून भय असते. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची चपटी तार. वर्षानुवर्षे एकाच रेघेवर घडी राहिली की तिथे तार तुटते, आतले रेशीम उघडे पडते, आणि एके दिवशी पदर घडीच्या रेघेवर फाटतो. ती टांगणीवर अडकविली तर भय टळते असेही नाही. टांगलेली साडीही एका रेघेवर दुमडलेलीच असते. फरक इतकाच, की तिचा सारा भार त्या एका रेघेवर येतो. म्हणून वस्तुसंग्रहालयांत अशी वस्त्रे शक्यतो सपाट पसरतात, किंवा रुळावर गुंडाळतात.

घराघरांतून इतकी जागा कुठली? तेथे उपाय होता तो बायकांच्या हातांत. पावसाळा सरला, दसरा-दिवाळी जवळ आली, की पैठण्या आणि शालू पेटीतून निघत, सावलीत वारा खात, आणि पुन्हा घडी करताना मुद्दाम जुनी रेघ चुकवून नव्या जागी दुमडले जात. मग सुती फडके, त्यात लवंगा किंवा कडुनिंबाची सुकी पाने. जपानातही पावसाळ्यानंतर किमोनो काढून हवेवर घालण्याची अशीच रीत आहे. जामदारखान्याची नोंद इतिहासात राहिली. ही रेघ बदलणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेवली नाही, आणि हा मोठाच अन्याय झाला. आज अनेक कपाटांत आजीची पैठणी दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, दमटपणासकट, लग्नानंतर घातलेल्या त्याच घडीत पडून आहे. ती उलगडून, दोन बोटे सरकवून पुन्हा दुमडावयास फार तर पाव तास लागतो. तुटलेली जर मात्र पैठणचा किंवा येवल्याचा कोणताही विणकर पूर्ववत करून देऊ शकत नाही.