नहपानाच्या चेहऱ्यावरचा शिक्का

सहावीत असताना मी बाईंना विचारलं होतं, "गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, हे कशावरून?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "नाशिकला नाणी सापडलीत. मोठी झालीस की शोध," म्हणाल्या आणि धडा पुढे सुरू झाला. नोकरी, वारज्याचा पूल आणि मुलांच्या परीक्षा यांतून शोधायला तीस वर्षं गेली.

बाई, शोधलं. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला सुमारे १३,२५० चांदीची नाणी एकत्र सापडली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची, प्रत्येक जेमतेम दोन ग्रॅमची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. चांदीच्या नाण्यावर राजाचा चेहरा छापायची ही रीत बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांकडून आली. मिनँडरचे जुने द्रम्म भडोचच्या बाजारात तेव्हाही चालत, असं 'पेरिप्लस'मध्ये एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय.

मला गंमत वाटली ती लेखाची. नहपानाचं नाव नाण्यावर ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे. पण ग्रीक अक्षरांत लिहिलेली भाषा ग्रीक नाहीच, आपली प्राकृत आहे! आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोमन अक्षरांत मराठी चालते, अगदी तसंच.

आता खरी गोष्ट. यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर, मागे उज्जैनी चिन्ह आणि स्वतःचं नाव. चांदी वितळवली नाही. आमच्या धंद्यात चालती प्रणाली कुणी मुळापासून नव्याने लिहायला निघालं की मला धडकी भरते. हा राजा शहाणा होता. लोकांचा विश्वास चांदीवर होता, तो त्याने तसाच ठेवला आणि मालक बदलल्याचं मात्र प्रत्येक हाताला कळवलं.

काही नाण्यांवर शिक्क्याखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. पुढे नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, लेकाने क्षहरातांचा वंश संपवल्याचं कोरून घेतलं. पण आईचं बोलणं कौतुकाचं असणारच, म्हणून मी तिला साक्षीदार धरत नाही. नाणी धरते.

बाई, सहावीतल्या प्रश्नाचं उत्तर एवढं आहे. किती गुण?